साडेसहाचा कॉल

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील स्त्रिया आणि नेतृत्व' असा छापला आहे. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कारण या विषयात एक गोष्ट गेली कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून बसली आहे आणि ती एकदा चारचौघांत नीट मांडायची होती.

माझी सगळी नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये गेली. प्रोग्रामर म्हणून लागले, टेस्टिंग केलं, टीम लीड झाले, मग डिलिव्हरी, म्हणजे गिऱ्हाइकाचं काम ठरल्या वेळेत पोचवण्याची जबाबदारी, सांभाळली. समोर बघते तर दोन पिढ्या बसल्या आहेत. पुढे ज्येष्ठ मंडळी आणि मागे पायाशी लॅपटॉपच्या सॅक ठेवून बसलेल्या मुली. ज्यांच्या घरात मुलगी, सून, मुलगा, जावई, कोणी ना कोणी आयटीत आहे, त्यांनी जरा हात वर करा. बघा! मग ऑनसाइटला, परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे, राहून काम करणं म्हणजे काय आणि अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाला रेटिंग मिळण्याच्या, महिन्यात घरातलं वातावरण कसं असतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं?

सुरुवात पोस्टकार्डापासून करते. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १९७४ साल. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सुधा कुलकर्णी नावाची मुलगी एम.टेक. पूर्ण करत होती. सूचनाफलकावर टेल्कोची, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सची, जाहिरात लागली. हुशार, कष्टाळू इंजिनिअर हवेत, आणि खाली एक ओळ, की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. तिला परदेशात जायचं होतं, नोकरी नकोच होती. पण ती ओळ वाचून तिचं डोकं सणकलं आणि तिने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. तुमच्यासारख्या घराण्याच्या कंपनीत असा भेदभाव कसा चालतो, असा जाब विचारला. थोड्याच दिवसांत तार आली, मुलाखतीला पुण्याला या, येण्याजाण्याचा खर्च कंपनी देईल. होस्टेलच्या मैत्रिणींनी काय केलं माहितीये? फुकट पुण्याला चाललीच आहेस तर साड्या घेऊन ये म्हणून प्रत्येकीने तीस-तीस रुपये हातात ठेवले! पुण्याच्या साड्यांची कीर्ती तेव्हाही होती, समोरच्या काकू हसताहेत, त्यांना पटलंय. तर ती पिंपरीला आली, मुलाखत दिली, निवडली गेली. टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर, प्रत्यक्ष कारखान्यात, काम करणारी ती पहिली स्त्री इंजिनिअर. पुढे त्याच सुधा मूर्ती झाल्या.

शाळेत, गॅदरिंगला, महिला दिनाला ही गोष्ट आपण इथपर्यंत सांगतो आणि टाळ्या वाजवतो. मला या गोष्टीचा उत्तरार्ध सांगायचा आहे, कारण आजचा विषय त्यातच आहे.

१९८१ साल. पुण्यातच, आपल्या या गावात, इन्फोसिस सुरू झाली. भांडवल म्हणून सुधाताईंनी साठवलेले दहा हजार रुपये नवऱ्याच्या, नारायण मूर्तींच्या, हातात ठेवले. त्या स्वतः कॉम्प्युटर सायन्समधल्या एम.टेक., शॉप फ्लोअरचा अनुभव गाठीशी. कंपनीचा जम बसेपर्यंत वालचंद समूहात सीनियर सिस्टिम ॲनालिस्टची नोकरी करून घर चालवत होत्या. आणि त्या घरात नियम ठरला की नवरा-बायकोपैकी एकानेच कंपनीत काम करायचं. मग बाहेर कोण राहिलं, ते तुम्हाला माहीतच आहे. नारायण मूर्तींनी २०२४ साली एका मुलाखतीत जाहीरपणे सांगितलं की तो निर्णय चुकला. ती माझ्यापेक्षा आणि बाकीच्या सहा सहसंस्थापकांपेक्षा जास्त लायक होती, असंही ते म्हणाले. माणूस मोठा म्हणून हे मोकळेपणाने बोलला, त्याबद्दल मला आदरच आहे. पण जरा विचार करा. जेआरडींना पोस्टकार्ड लिहून कारखान्याचं दार उघडायला लावणारी मुलगी. तिलासुद्धा सात वर्षांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कंपनीत खुर्ची मिळाली नाही. आणि यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तत्त्व चांगलं होतं, हेतू चांगला होता. आयटीत बाई मागे राहते ती बहुतेक वेळा अशाच चांगल्या हेतूंनी.

शिरकाव आणि बढती या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शिरकावाची लढाई आपण बऱ्यापैकी जिंकली. का जिंकली, तेही थोडं सांगते, विषयाला सोडून वाटेल पण नाही. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टप्रमाणे बाईला संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कारखान्यात कामाला ठेवायला बंदी होती. त्यामुळे मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन झालेल्या मुलीला शिफ्ट देता येत नाही, आणि शिफ्ट नाही म्हणून घ्यायचंच नाही, असा सरळ हिशोब असायचा. सॉफ्टवेअर आलं आणि हा अडसर एकदम बाजूला झाला. ना मशीन, ना ग्रीस, ना फाउंड्री. आईवडिलांना पण हे काम पटलं, एसीत बसून करायचं, सुरक्षित. आणि पुण्यात तर जमीन शंभर वर्षं आधीच नांगरून ठेवलेली होती. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, पुढे हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, माळावर झोपडीत तो नेला, १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ काढलं. त्या आश्रमातून वाढलेल्या संस्थेने १९९१ साली मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, कमिन्स कॉलेज. ज्या माळावर केशवपन केलेल्या मुली पाटीवर अक्षरं गिरवत होत्या, तिथे आज मुली चिप डिझाइन शिकतात. मी कर्वेनगरवरून जाते तेव्हा प्रत्येक वेळी मला भरून येतं, खरंच सांगते.

तर मुली आल्या. भारतातल्या आयटीत आज एक तृतीयांशाहून जास्त स्त्रिया आहेत. एकट्या टीसीएसमध्ये दोन लाखांवर. जगात फार थोड्या उद्योगांना हे जमलंय. आणि आता दुसरं टोक बघा. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, विप्रो, टेक महिंद्रा. देशातल्या या पाच मोठ्या आयटी कंपन्यांपैकी एकीतही आजवर स्त्री सीईओ झालेली नाही. एचसीएलच्या अध्यक्षपदी २०२० साली रोशनी नाडर-मल्होत्रा आल्या, टीसीएसमध्ये २०२५ साली आरती सुब्रमणियन सीओओ, म्हणजे रोजचा कारभार बघणाऱ्या प्रमुख, झाल्या, आयटी कंपन्यांच्या नॅसकॉम या संघटनेच्या अध्यक्षपदी २०१८ मध्ये देबजानी घोष आल्या. आनंदच आहे. पण सीईओची खुर्ची अजून तशीच आहे.

आपल्या कोल्हापूरच्या लीना नायर आठवतात? सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर झालेली मुलगी. आज शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीची जागतिक सीईओ आहे, २०२२ पासून. पण त्या गेल्या एचआरमधून, मनुष्यबळ विभागातून, आणि दुसऱ्याच उद्योगात. इंजिनिअर मुलगी सीईओ होऊ शकते, याबद्दल मग शंका कसली? तिला तिथे नेणारा रस्ता आमच्या उद्योगातून का जात नाही, एवढंच मी विचारते.

आता माझी मनातली गोष्ट. माझं म्हणणं असं आहे की आयटीत पुढारी कोण होणार हे संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळात ठरतं.

आमचे बरेचसे क्लायंट, म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही काम करतो त्या कंपन्या, अमेरिकेत असतात, आणि त्यांच्याशी बोलणं होतं ते कॉलवर. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, की तोच कॉल साडेसातला. मार्चमध्ये परत साडेसहा. क्लायंट कॅलिफोर्नियाचा असला तर त्याचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि थंडीत साडेदहा. दिवसभर आपण जे काम करतो ते फक्त काम. या कॉलवर क्लायंट आवाज ओळखायला लागतो. रिलीज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर सोपवण्याचं काम, अडकली तर कोण सावरून घेतो, वाईट बातमी कोण शांतपणे सांगतो, पुढच्या टप्प्याचा अंदाज कोण देतो, हे तो तिथे बघतो. मग तो अप्रिसिएशन मेल पाठवतो. तो मेल अप्रेझलला जोडला जातो. ऑनसाइट कोणाला पाठवायचं म्हटलं की क्लायंट नाव घेतो, ते याच कॉलवरचं असतं. जो ऑनसाइट जाऊन येतो तो परत आल्यावर मॅनेजर होतो. जो मॅनेजर होतो त्याच्याकडे पुढे अकाउंट, म्हणजे एका क्लायंटचा सगळा व्यवहार, येतं, नफातोट्याची जबाबदारी येते. आणि ती ज्याच्याकडे नाही, त्याचं नाव सीईओच्या यादीत कधीच येत नाही. एका कॉलपासून हा जिना सुरू होतो.

आणि साडेसहाला आपल्या घरात काय चालू असतं? पाळणाघर सातला बंद होतं. मुलाची दुसऱ्या दिवशी मराठीची चाचणी असते. सासऱ्यांचं इन्सुलिन असतं. ती स्वतः भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते. मी माझ्या टीममधल्या मुलीच्या घरी एकदा संध्याकाळी गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. ओट्याशी उभी, एका कानात इयरफोन, फोन डब्यांच्या मागे टेकवून ठेवलेला, म्यूटवर. हात कणकेचे. आठवडाभर जागून तिनेच लिहिलेल्या मॉड्यूलबद्दल क्लायंटने प्रश्न विचारला. तिने मनगटाने म्यूट काढायला हात पुढे केला आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. तिने हात मागे घेतला. तेवढ्यात ऑफिसमध्ये बसलेल्या तिच्या सहकाऱ्याने उत्तर दिलं. मुलगा चांगला होता, उत्तरही बरोबर होतं, तिने दुपारी त्याला समजावलेलंच होतं ते. क्लायंट म्हणाला, थँक यू, आणि त्याचं नाव घेतलं. अशा किती संध्याकाळी होत असतील? आणि मग वर्षाअखेरीस आम्ही फॉर्मवर लिहितो की हिची व्हिजिबिलिटी कमी आहे, ही कोणाच्या नजरेत येत नाही.

सरकारची २०१९ ची कालवापर पाहणी आहे. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती. पुरुषाची ९७. आणि तेही जे पुरुष घरकाम करत होते त्यांची! करणारेच शंभरात सव्वीस. आजोबा, तुम्ही मान डोलावताय, तुम्हाला कुकर लावता येतो का? येतो? वा! एक टाळी आजोबांसाठी.

आजोबांचा विषय निघालाच आहे तर आजीबद्दल बोलायलाच हवं. मी डिलिव्हरी सांभाळताना माझ्या टीममधल्या बायकांची एक यादी माझ्या मनात असायची. कोणाची आई पुण्यात आहे, कोणाच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, कोणाच्या मावशी सुट्टीवर गावाला गेल्यात. पुरुषांबद्दल मला यातलं काहीच माहीत नसायचं, कारण त्याचा कामावर कधी परिणामच दिसायचा नाही. या गावातल्या किती मोठ्या सॉफ्टवेअर रिलीज कोथरूडच्या आणि सिंहगड रोडच्या आज्यांमुळे वेळेत गेल्यात, याची कुठेही नोंद नाही. साठीत ज्यांनी स्वतःच्या आवडीनिवडी जपायच्या, त्या बायका सकाळी आठ ते रात्री आठ नातवंडं सांभाळतात. आणि ज्यांना आजी नाही त्यांच्या मागे मावशी, स्वतःचं मूल वस्तीतल्या शेजारणीकडे ठेवून आलेल्या. एक बाई वर चढते तेव्हा खाली दोन बायका शिडी धरून उभ्या असतात. त्यातली एक दमली की शिडी हलते. २०१७ साली प्रसूती रजेचा कायदा बदलला, रजा बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. फार चांगलं झालं. पण रजेचा सगळा खर्च मालकाच्या माथी, आणि बापाच्या रजेबद्दल खाजगी नोकरीत कायद्याचा एक शब्द नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात, खाजगीत कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे मूल ही फक्त आईच्या खात्यावरची बाब, असं आपण कागदावर लिहून ठेवलं. मग मुलाखतीला बसलेला माणूस मनातल्या मनात हिशोब करणारच.

महिला दिनाबद्दल बोलू नये असं ठरवून आले होते, पण राहवत नाही. एका वर्षी ८ मार्चला आमच्या ऑफिसमध्ये कार्यक्रम होता. जांभळा ड्रेसकोड, गुलाबाचं फूल, केक, आणि बाहेरून आलेल्या एका बाईंचं सत्र, आत्मविश्वास कसा वाढवावा. त्याच दुपारी आमच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटची माणसं तिमाही आढाव्यासाठी आली होती. आमच्या प्रोजेक्टमधल्या बायकांना सांगण्यात आलं, आज तुमचा दिवस आहे, तुम्ही खाली हॉलमध्ये जा, आम्ही बघतो. त्या खाली आत्मविश्वासाचे धडे घेत बसल्या, आणि वर कॉन्फरन्स रूममध्ये त्यांच्याच कामाचं सादरीकरण दुसऱ्यांनी केलं. माझा अजूनही त्या दिवसावर राग आहे. ज्या मुलीने दहावी-बारावीत घासून अभ्यास केला, लातूर-परभणीहून एकटी पुण्यात आली, पेइंग गेस्ट राहून नोकरी मिळवली, तिला आत्मविश्वास शिकवायचा? तिला वरच्या त्या कॉन्फरन्स रूममध्ये बसू द्या, एवढं पुरे.

आणि दुसरी गोष्ट, ती जास्त खोल आहे. बढत्या ठरवायला कॅलिब्रेशनची बैठक असते. सगळे मॅनेजर आपापल्या माणसांची नावं मांडतात, रेटिंगची ओढाताण होते. अशाच एका बैठकीत डिलिव्हरी मॅनेजरच्या जागेसाठी आमच्यातल्या एका मुलीचं नाव आलं. कामात सगळ्यांहून सरस, यावर कोणाचा वाद नव्हता. जागेसाठी सहा महिने ऑनसाइट जायचं होतं. एक वरिष्ठ, अतिशय सज्जन माणूस, हळुवारपणे म्हणाले, तिचं मूल दोन वर्षांचं आहे, कशाला बिचारीला पेचात टाकायचं? पुढच्या वर्षी बघू. सगळ्यांनी माना हलवल्या. मी विचारलं, तिला विचारलंय का? कोणी विचारलं नव्हतं. मी बाहेर जाऊन फोन लावला. ती म्हणाली, सासूबाई सांगलीहून यायला तयार आहेत, नवऱ्याशी बोलणं झालंय, दिवाळीनंतर कधीही निघते. मी आत येऊन सांगितलं. तोवर पुढच्या नावावर शिक्कामोर्तब झालं होतं आणि बैठक पुढच्या माणसाकडे सरकली होती. त्याच बैठकीत निवडल्या गेलेल्या पुरुषालाही दोन वर्षांची मुलगी होती. ती गोष्ट कोणाच्या तोंडीही आली नाही.

ती मुलगी पुढे दीड-दोन वर्षं राहिली आणि राजीनामा देऊन गेली. एक्झिटच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' अशी खूण आहे. कंपनीच्या आकडेवारीत ती घरच्या कारणाने गेलेली बाई आहे. आणि त्या आकडेवारीवरूनच पुढच्या बैठकीत पुन्हा कोणी तरी म्हणतं, बायका सोडून जातात हो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. काय करायचं हे सांगायचं कबूल केलं होतं आणि तेच राहिलंय. भराभर सांगते.

पहिलं, कॉलची वेळ. आपण नेहमी क्लायंटच्या सकाळी नऊशी जुळवून घेतो, कारण आपण कधी विचारतच नाही. न्यू जर्सीचा माणूस सकाळी आठला बोलायला तयार असतो, उन्हाळ्यात ते आपले साडेपाच होतात. मी माझ्या दोन प्रोजेक्टांत हे मागून घेतलं, आठवड्यातले दोन कॉल त्यांच्या आठला. कोणी काही खळखळ केली नाही. आणि जे काम जिने केलं ते मांडणार तीच, हा नियम. तिला त्या वेळी जमत नसेल तर कॉलची वेळ बदला, माणूस बदलू नका. सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं का, असं कोणाला वाटत असेल तर स्टेफनी शर्ली या बाईंबद्दल वाचा. इंग्लंडमध्ये १९६२ साली त्यांनी घरून काम करणाऱ्या स्त्री प्रोग्रामरांची कंपनी काढली. बाईच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तर येत नाही म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करायच्या. फोनवर मुलांचा आवाज जाऊ नये म्हणून मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायच्या! पहिल्या तीनशे माणसांत २९७ स्त्रिया, आणि कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग त्यांनी केलं. इंटरनेट नव्हतं, व्हिडिओ कॉल नव्हता.

घरून कामाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. टीसीएसच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात त्यांच्या एचआर प्रमुखांनी लिहिलंय की एरवी स्त्रियांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण पुरुषांइतकं किंवा कमी असायचं, त्या वर्षी ते पुरुषांहून वर गेलं. साथीच्या काळात घरून काम करताना काही घरांतली घडीच बदलली आणि ऑफिस सुरू झाल्यावर ती पुन्हा बसली नाही, असा त्यांचा अंदाज. ऑफिसला यायचे आठवड्यातले दिवस ठरवताना हे लक्षात ठेवायला हवं.

दुसरं, पहिली बढती. सगळ्यांचं लक्ष वरच्या खुर्चीकडे असतं, पण गळती खालीच होते. अमेरिकेत मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही स्त्रियांसाठी काम करणारी संस्था यांच्या २०१९ च्या पाहणीत पहिल्या मॅनेजरपदावर शंभर पुरुष येत होते तेव्हा स्त्रिया बहात्तर येत होत्या. तो फरक पुढे कधी भरून निघत नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक वळण आहे. मूल झाल्यावर परत आलेल्या मुलीला टेस्टिंग, क्वालिटी, पीएमओ म्हणजे प्रोजेक्टांच्या नोंदी ठेवणारं ऑफिस, ट्रेनिंग अशा बाजूच्या कामांत वळवतात, काळजीपोटीच. ही कामं कमी दर्जाची मुळीच नाहीत, मी स्वतः टेस्टिंग केलंय. पण नफातोटा त्यांच्या हातात नसतो. म्हणून सव्वीस आठवड्यांनी परत आलेल्या मुलीला तिचंच प्रोजेक्ट किंवा त्याच तोडीचं प्रोजेक्ट मिळायला हवं, आणि रजेच्या वर्षी तिचं आधीचं रेटिंग पुढे चालू ठेवायला हवं. सहा महिने नव्हती म्हणून खालचं रेटिंग, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिसरं, ऑनसाइटची आणि अकाउंटची प्रत्येक जागा सगळ्यांना दिसेल अशी जाहीर करा आणि पात्र असलेल्या प्रत्येकाला विचारा. माणसाला न विचारता त्याच्या वतीने नाही म्हणायचं नाही. मागे बसलेल्या मुलींना एक सांगते. मार्गदर्शक भरपूर मिळतील, चांगले सल्ले देतील. तुम्हाला बंद खोलीत तुमचं नाव घेणारं माणूस लागेल. ते शोधा. आणि आपल्याला कुठली जागा हवी आहे ते त्याला लेखी कळवून ठेवा, मेलवर, तारखेसकट. बैठकीत 'तिला नको असेल' असं कोणी म्हणालं की तो मेल कामाला येतो.

चौथं, पुरुषांची रजा. बाप महिनाभर रजेवर गेला की बैठकीतला तो मनातला हिशोब दोघांसाठी सारखा होतो. मुलांच्या आयांनो, म्हणजे पुढच्या रांगेतल्या आज्यांनो, तुमचा मुलगा संध्याकाळी कॉल सोडून बाळाला घ्यायला गेला तर त्याची कीव करू नका. सुनेने कॉल घेतला तर तिला म्यूट करायला लावू नका, दार लावून घ्या आणि कुकर पंधरा मिनिटांनी लावा.

पाचवं, कंपनीच्या संचालक मंडळाचं. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीच्या मंडळावर एक तरी स्त्री सक्तीची केली. सुरुवातीला काही ठिकाणी घरातल्याच बायका बसवल्या गेल्या, म्हणून शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने आधी बाजारमूल्यात पहिल्या पाचशे आणि मग २०२० पासून पहिल्या हजार कंपन्यांना स्वतंत्र स्त्री संचालक सक्तीची केली. ग्रामपंचायतीत आरक्षण आलं तेव्हा सरपंचपतींचीच चर्चा झाली, पण त्यातूनच पुढे स्वतःच्या जोरावर गाव चालवणाऱ्या बायका आल्या. त्यामुळे या सक्तीला नावं ठेवायची मला घाई नाही. मात्र मंडळावरची बाई कंपनी चालवत नाही, कंपनी चालवणारे खाली असतात.

आणि शेवटचं, घंटा झालीय, एक मिनिट. इथल्या बऱ्याच ज्येष्ठांकडे आयटी कंपन्यांचे शेअर असणार. २०२२-२३ पासून पहिल्या हजार कंपन्यांना वार्षिक अहवालात बीआरएसआर नावाचा भाग छापावा लागतो. त्यात स्त्री आणि पुरुष वेगवेगळे दाखवून किती जण सोडून गेले, मूल झाल्यावरच्या रजेवरून किती परत आले आणि त्यातले किती टिकले, वरच्या पदांवर स्त्रिया किती, हे आकडे असतात. अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. वार्षिक सर्वसाधारण सभा आता व्हिडिओवर होतात, भागधारक म्हणून आधी नाव नोंदवलं तर घरबसल्या प्रश्न विचारता येतो, तुमच्याकडे दहा शेअर असले तरी. लाभांशाबद्दल विचारालच, त्याच दमात विचारा, नफातोट्याची जबाबदारी असलेल्या जागा किती आणि त्यातल्या किती स्त्रियांकडे आहेत? हा आकडा अहवालात द्यावा लागत नाही. म्हणून तो सभेत विचारायला हवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला हवा.